दोनशे दहाचा मान

रावेरकडच्या गावांत केळी पिकते आणि तिच्या मागोमाग मान पिकतो. ज्याच्या केळीच्या वॅगना दिल्लीकडे जास्त गेल्या, त्याला देवळातल्या बैठकीत लोडाशेजारी जागा. रतिलालभाऊंची जागा गेली आठ वर्षं लोडापासून दुसरी होती. पहिली बन्सीलालआबांची. ती एक जागा पुढे सरकावी म्हणून रतिलालभाऊंनी काय काय केलं होतं! मोट सोडून इंजिन बसवलं, पोराला शेतकी कॉलेजात पुण्याला धाडलं, सप्त्याचा सगळा खर्च अंगावर घेतला. आबा हसून पाहायचे आणि लोडाला आणखी रेलून बसायचे. आणि पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर तर आबांनी कडीच केली. ते जळगावला गेले आणि ब्लडप्रेशर घेऊन आले.

गावाला रोग नवे नव्हते. हिवताप होता, नारू होता, खरूज तर घरोघरी होती. पण हे सगळे कोणालाही होणारे, सालदारालाही होणारे रोग. ब्लडप्रेशर हा गावात आलेला पहिला इंग्रजी रोग, आणि तो थेट मोठ्या घरी उतरला. आबा आता सावकाश चालू लागले. बैठकीत कोणी त्यांच्याशी वाद घालेना, कारण आबांना राग आला तर डोक्यातली शीर तुटेल असं त्यांच्याच घरच्यांनी सांगून ठेवलं होतं. ज्या माणसाला कोणी उलट बोलू शकत नाही, त्याच्याशी रतिलालभाऊंनी टक्कर घ्यायची कशी? भाऊंची झोप उडाली.

भाऊंच्या बायकोची, बेबाबाईची झोप कधीच उडाली होती. पण तिच्या झोपेची विचारपूस करायची पद्धत त्या घरात नव्हती.

गेली दोन वर्षं रोज पहाटे तिच्या मानेमागे ठणका लागायचा. तो कवटीत चढायचा आणि दिवस वर येईस्तोवर तिथेच ठाण मांडून बसायचा. कानात इंजिन चालल्यासारखी घरघर. दोनदा शेतात नाकातून रक्त आलं, ते तिने पदराने पुसलं आणि उन्हाच्या नावावर घातलं. फडकं डोक्याला घट्ट आवळून ती कामाला लागायची. तिच्या आईचंही असंच होतं. आई सत्तेचाळिसाव्या वर्षी अंगणात पडली, तोंड वाकडं झालं आणि तिसऱ्या दिवशी गेली. बेबाबाईला सेहेचाळीस सरत आले होते. मरायची भीती तिला वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण त्याहून मोठी काळजी सुनंदाची होती. सावद्याला दिलेली ही धाकटी लेक माघात पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. माघापर्यंत आपण पायावर उभं राहिलं पाहिजे, एवढं एकच मागणं ती रोज चुलीपुढे बसून मागायची.

भाऊ आपलं ब्लडप्रेशर मोजून घ्यायला जळगावला डॉक्टरकडे निघाले तेव्हा तिने आपलंही डोकं दाखवायचं का, असं विचारून पाहिलं. भाऊ म्हणाले, बायकांचं डोकं दुखतंच, त्याला जळगाव कशाला? हा रोग डोकं चालवणाऱ्याला होतो. तरी त्यांनी तिला सोबत नेलं, कारण सुनंदाच्या बाळासाठी सोनाराकडे कडदोरा पसंत करायचा होता आणि त्यातलं भाऊंना काही कळत नव्हतं.

डॉक्टर ढाके त्यांच्याच समाजातले. दवाखाना माडीवर. खाली भाऊंचं टांगेवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं, का तर त्याने टांगा दाराला लावला नाही. त्याच रागात दोन-दोन पायऱ्या चढून भाऊ वर गेले आणि धापा टाकत खुर्चीत बसले. बेबाबाई दाराशी बाकावर टेकली. डॉक्टरांनी भाऊंच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, पारा चढला, उतरला. एकशे पन्नास.

"आबायचं किती निंघालं होतं?" भाऊंनी पहिला प्रश्न केला.

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या रोग्याचं सांगायचं नसतं. मग शेतकरी माणूस समोर आहे म्हणून त्यांनी शेताच्याच भाषेत समजावलं. काळीज म्हणजे विहिरीवरचं इंजिन. दर ठोक्याला ते रक्त ढकलतं. ते मोठ्या पाटातून लहान चाऱ्यांत जातं, चाऱ्यांतून केसाहून बारीक चाऱ्यांत, आणि तिथून अंगाच्या वाफ्यावाफ्याला पोचतं. वाफ्याला खायला-प्यायला देतं, तिथला मळ उचलतं आणि दुसऱ्या पाटाने परत फिरतं. वाटेत छातीत वारा घेतं, म्हणजे फुप्फुसातून ताजं होतं, की पुन्हा इंजिनावर. पाणी तेच, जन्मभर गोल फिरणारं.

भाऊंचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "म्हंजे माह्या विहिरीले पानी जास्त आहे."

"नाही भाऊ, पाणी जास्त असायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "चाऱ्या आखडल्या, कडक झाल्या, की तेच पाणी पुढं न्यायला इंजिनाला दुप्पट जोर लावावा लागतो. तो जोर चाऱ्यांच्या काठांवर बसतो. वरून काही दिसत नाही. आणि एक दिवस जिथं काठ कच्चा, तिथं फुटतं. बहुतेक डोक्यात."

पुढे ते असंही म्हणाले, की तुम्ही जिना चढून तापून आलात, हा आकडा कदाचित खराही नसेल. मीठ कमी करा, जरा पडून राहा, महिन्याने शांतपणे पुन्हा मोजू. हे शेवटचं भाऊंनी ऐकलंच नाही. ऐकलं ते बाकावरच्या बेबाबाईने. केळीला पाणी भरण्यात तिची निम्मी हयात गेली होती. काठ फुटतो कसा हे तिला कोणी सांगायला नको होतं. आधी एक ओला डाग दिसतो, मग बोटाएवढी धार, आणि फावडं घेऊन पोचेपर्यंत अर्धा काठ गेलेला असतो. तिचा हात आपोआप मानेमागे गेला. उठताना ती डॉक्टरांना म्हणाली, "माहं बी डोकं जरा..." तोवर भाऊ जिना अर्धा उतरले होते आणि गाडी चुकेल म्हणून खालून हाका मारत होते.

गावात भाऊ उतरले ते पदवी घेऊन उतरल्यासारखे. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पलंग पडला. भेटायला माणसं येऊ लागली, आणि भाऊ आडवे पडूनच त्यांना रक्ताचं शास्त्र सांगू लागले. त्यांच्या शास्त्रात डॉक्टरांचं इंजिन होतं, पाट होता, चाऱ्या होत्या. फक्त त्या आखडत नव्हत्या. ज्याच्या घरी सुबत्ता त्याच्या अंगात रक्त जास्त, आणि ज्याच्या अंगात रक्त जास्त त्याचा पाट जोरात, असा तो सरळ हिशेब होता. ऐकणाऱ्यांना तो पटायचा. गरिबाला ब्लडप्रेशर का होत नाही, याचंही उत्तर त्यात मिळत होतं.

बेबाबाईच्या वाट्याला दोन स्वयंपाक आले. भाऊंचा अळणी, बाकीच्यांचा मिठाचा. चार माणसांदेखत भाऊ अळणी वरण मोठ्या संयमाने दोन घास खायचे, माणसं हळहळायची. माणसं गेली की भाऊ आत येऊन लोणच्याची बरणी पुढे ओढायचे. ताटात उरलेलं अळणी अन्न बेबाबाईच्या वाट्याचं, कारण नवऱ्याच्या ताटात जेवायची तिच्या सासूने घालून दिलेली रीत होती. ते घशाखाली उतरेना म्हणून ती वरून चिमूटभर मीठ टाकायची, चिमटीने भागलं नाही तर मूठभर. अन्न टाकायचं कसं? आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा. रोजचे पंधरा-वीस कप. भाऊंना आराम पडावा म्हणून तिचे पाय दिवसभर जमिनीला लागत नव्हते. पहाटेचा ठणका आता दुपारपर्यंत उतरेना.

पौषात भाऊंना वेगळंच टोचू लागलं. आबांचं जास्त की आपलं, हे गावाला कळणार कसं? डॉक्टर ढाके नातेवाइकांकडे रावेरला येणार आहेत असं समजताच भाऊंनी त्यांना जेवायचं आवतण दिलं, यंत्रासह. आबांनाही दिलं. आबा नाही म्हणाले असते तर भ्याले असं झालं असतं, म्हणून तेही आले. निम्मा गाव ओट्याखाली जमला. दंडाला पट्टा आवळला की ब्लडप्रेशर पिळून बाहेर निघतं, अशी बहुतेकांची समजूत होती. म्हातारा निंबा तर धोतर वर करून पुढेच बसला, म्हणे माझ्या गुडघ्याला एकदा लावा, बारा वर्षांचा वात आहे.

डॉक्टरांना जमाव पाहून कसंसंच झालं. पण जेवण झालं होतं आणि मिंधेपणा आला होता. आबा म्हणाले, मोजा सगळ्यांदेखत, माझं लपवायजोगं काही नाही. त्यांचं निघालं एकशे साठ. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि लोक पुटपुटले. मग भाऊंनी बाही वर केली. ते सकाळपासून पलंगावर पडून होते, भरपूर जेवले होते आणि आपण जिंकणार या आनंदात होते. पारा चढला, उतरला. डॉक्टर हसले.

"उत्तम. एकशे सव्वीस. भाऊ, तुम्हाला काही रोग नाही. त्या दिवशी जिन्याचा आणि टांगेवाल्याचा जोर होता."

असं उतरलेलं तोंड गावाने भाऊंचं कधी पाहिलं नव्हतं. एवढा मोठा माणूस चारचौघांत धडधाकट निघाला. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. एकशे चोवीस. आबा हळूच म्हणाले, जाऊ द्या, नसेल एखाद्याच्या नशिबात. मागे कोणीतरी हसलं. भाऊंच्या मस्तकात तिडीक गेली. यंत्र प्रवासात बिघडलं, दुसरं काही नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. खात्री करायची असेल तर ज्याला काहीच झालेलं नाही अशा माणसाला लावून बघा. बेबाबाई चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. भाऊंनी तिच्याकडे बोट केलं.

"हिले लावा. हिले जन्मात काई झालं नाई."

पुरुषांच्या बैठकीत ती आजवर चहा ठेवण्यापुरतीच आली होती. ताट खाली ठेवून, पदर सावरून ती पलंगाच्या कडेला टेकली. डॉक्टरांनी पट्टा दंडाला आवळला. फुगा फुसफुसत होता आणि काचेतला पारा वर वर चालला होता. तो आबांना मागे टाकून गेला तरी थांबेना. डॉक्टरांनी कानातली नळी नीट बसवली, हवा सोडली, पुन्हा भरली. दुसऱ्या दंडाला पट्टा लावला. पंधरा मिनिटं तिला आडवं निजवून तिसऱ्यांदा मोजलं. आकडा काही हलला नाही. दोनशे दहा.

"पाहा!" भाऊ आनंदाने ओरडले. "म्हनलो होतो ना, यंत्र बिघडलं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते बेबाबाईला विचारू लागले. डोकं दुखतं का? कुठे, किती दिवस? कानात आवाज येतो? नाकातून रक्त? असं एकामागून एक तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. आईचंही सांगितलं. सांगताना तिला रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं, कोणीतरी विचारतंय याचंच होतं. निम्मा गाव ऐकत होता आणि भाऊ पहिल्यांदाच ऐकत होते.

"यंत्र चांगलं आहे भाऊ," डॉक्टर उठून म्हणाले. "काठ फुटायला आला आहे तो इथं. तुम्ही दोन महिने चुकीच्या शेतावर राखण करत बसलात."

त्यांनी सर्पगंधेच्या गोळ्या लिहून दिल्या. मीठ बंद, लोणचं-पापड बंद, पाण्याच्या घागरी बंद. दिवसाचा निम्मा वेळ आडवं राहायचं, आणि दर पंधरा दिवसांनी जळगावला यायचं. बेबाबाईला एवढंच कळून घ्यायचं होतं, की माघ निघेल का. डॉक्टर म्हणाले, सांगितलेलं केलंत तर पुष्कळ माघ निघतील अक्का, नाही केलं तर हाच निघेल असं मी म्हणणार नाही.

माणसं पांगली. आबा जोडा पायात सरकवत होते. भाऊ एवढा वेळ मान खाली घालून बसले होते, आणि बेबाबाईला वाटलं, आता ते आपल्याशी काहीतरी बोलतील. भाऊंनी मान वर केली.

"आबा," ते म्हणाले, "तुमचं एकशे साठच ना?"

"एकशे साठ."

"आमच्या घरात दोनशे दहा निंघालं."

आबांचा पाय जोड्यात जाईना. दुसऱ्या दिवशी बैठकीत भाऊ लोडाशेजारी जाऊन बसले आणि त्यांना कोणी उठवलं नाही. पंचक्रोशीत असा आकडा नव्हता. सावद्याहून, निंभोऱ्याहून माणसं दोनशे दहा बघायला येऊ लागली, आणि भाऊ तो आकडा विहिरीची खोली सांगावी तसा सांगू लागले. गोळ्या मात्र त्यांनी त्याच दिवशी सालदार उखर्डूला जळगावला धाडून आणवल्या, आल्या-गेल्याला शिशी दाखवली, आणि गोळी वेळेवर घेतली का हे ते चार माणसांदेखत मोठ्याने विचारायचे. बोलायचे असे, की ऐकणाऱ्याला वाटावं, काय जपतो हा माणूस बायकोला. पण बघायला आलेल्यांना चहा लागायचा, आणि दोनशे दहा चुलीपुढे बसून तो करायची.

चौथ्या दिवशी दुपारी आबा आले. सोबत सहा जण निंभोऱ्याचे. "चहा टाक वं," भाऊंचा आवाज आला. बेबाबाई उठली तशी भिंत तिच्या डोळ्यांपुढून सरकली. चुलीत फुंकर घालायला वाकली तर कानातली घरघर इतकी वाढली, की तिला स्वतःची फुंकर ऐकू येईना. ती तशीच खाली बसली. माघाला अकरा दिवस उरले होते. आपण आज इथे राखेत पडलो, तर हीच सात माणसं उद्या आपल्या तिरडीमागे चालतील आणि भाऊ त्यांना वाटेत दोनशे दहाच सांगत जातील, असं तिला स्पष्ट दिसलं. तिला राग आला. तीस वर्षांत आला नव्हता एवढा, आणि रागावणंही तिला मना होतं. चूल तशीच सोडून ती बाहेर आली. पलंगावर भाऊ बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, तसे ते काय झालं म्हणून उठले, आणि ती सात परक्या पुरुषांदेखत त्या पलंगावर आडवी झाली.

"डाक्टर सांगून गेले, आडवं पडायचं," ती छताकडे बघत म्हणाली. "चहा आज तुमी करा."

भाऊंच्या ओठांवर शिवी आली होती, ती बेबाबाईला न बघताही कळली. मग त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा वाटच पाहत होते. आता हिला ऊठ म्हणावं, तर दुखणं किरकोळ ठरणार. दुखणं किरकोळ ठरलं, की दोनशे दहा गेले, आणि दोनशे दहा गेले की लोड गेला. भाऊ घसा खाकरून पाहुण्यांना म्हणाले, की एवढं मोठं ब्लडप्रेशर म्हटल्यावर घरच्या माणसाला करावंच लागतं, आबांकडे अजून तशी वेळ आली नसेल. आणि आत गेले.

आत फुंकणी आपटल्याचा आवाज आला. मग एक पातेलं पडलं, मग दुसरं. धूर उंबऱ्यातून बाहेर आला. निंभोऱ्याचे पाहुणे छताचे वासे मोजू लागले. बेबाबाई डोळे मिटून पडली होती. मनगटात, कानात, मानेत तिला आपलं रक्त फिरताना ऐकू येत होतं, आणि पहिल्यांदाच त्याची घाई जराशी कमी झाल्यासारखी वाटत होती. बऱ्याच वेळाने भाऊंचा आवाज आला, बैठकीतल्या आवाजापेक्षा पुष्कळ लहान.

"साखर कुठी ठेवेल आहे?"

तीस वर्षं तो माणूस दिवसाला चार कप चहा पीत आला होता. बेबाबाईला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांच्या कडांनी पाणी कानात गेलं, ते तिने पुसलं नाही.

"फडताळात, वरच्या फळीवर," ती म्हणाली. "अन् आठ कप मांडू नका, नऊ मांडा. मी बी घेनार आहे."